उबेचा कोपरा

भोंगा वाजला तसा ओस्ताप खार्किवमधल्या आपल्या इमारतीच्या तळघरात धावला. जमिनीत शिरून फुटणारा बॉम्ब कुठली भिंत पाडेल, हे संगणकावर शोधणं त्याचं काम. सकाळीच त्याने हे तळघर पडद्यावर उभं करून अंगणाखाली बॉम्ब फोडून पाहिला होता. प्रत्येक वेळी जिन्यासमोरचा कोपरा आधी ढासळला. नेमक्या तिथेच, गरम पाइपाला पाठ लावून, शेजारच्या स्तेफाआजी बसल्या होत्या. खरं सांगितलं, तर सगळे बिथरून रस्त्यावर पळतील. आणि आजींना उठवलं, तरी खचाखच गर्दीत कोपरा रिकामा कसा राहणार? दुसरं कुणीतरी तिथे बसणारच. "आजी, थंडी वाजतेय. तुमची जागा द्या ना." "तरणाताठा गडी, आणि थंडी? बायको कर एखादी!" कुरकुरत आजी पलीकडे गेल्या. ओस्ताप भिंतीला टेकला. वर विमानाची घरघर वाढली. डोळे मिटले, तोच अंगावर लोकरी शाल पडली. "किती कापतोयस रे! सरक, मीपण बसते."