बकुळचे एकशे बारा फोटो

नव्या कंपनीच्या फोनवर सगळे फोटो आले, फक्त एकशे बारा अडकले.

“आजी, फोन म्हणतोय, ही बकुळ लग्नाच्या मांडवापर्यंत आहे, पुढे कुठेच नाही. आणि तुम्ही, सुमती, मांडवातच सुरू होता,” नातसून केतकी म्हणाली.

ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं होतं, हे फोनला कसं कळणार? चेहरे कुणीही बनवू लागल्यापासून चेहऱ्यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. दोघी एकच, हे त्या काळच्या माणसाला सांगावं लागे. संध्याकाळपर्यंत कुणी सांगितलं नाही, तर बकुळचे फोटो पुसले जाणार होते.

सुमतीबाईंनी सांगलीच्या थोरल्या भावाला, अण्णांना, फोनवर जोडून घेतलं.

“मुलीबद्दल फोटोत न दिसणारं काही सांगा,” फोन म्हणाला.

“फोटोवाला येण्याआधी हिने माझं श्रीखंड खाल्लं,” अण्णा म्हणाले. “आमची बकुळ ती हीच. सत्तर वर्षं ‘मी नाही खाल्लं’ म्हणतेय.”

“मांजराने खाल्लं!”

“बकुळे, मांजर वाटी धुऊन ठेवतं होय?”

“साक्षीवर वाद आहे,” फोन म्हणाला. “फोटो थांबवले आहेत.”

केतकीने आजींकडे पाहिलं. सुमतीबाईंनी पदराने चष्मा पुसला.

“मीच खाल्लं,” त्या म्हणाल्या. “फार छान झालं होतं.”

अण्णा खोकला येईपर्यंत हसले. पडद्यावर दोन वेण्यांची मुलगी उमटली.

“नाव कोणतं ठेवू, आजी?”

“बकुळ लिही. अण्णा, फोन ठेवू नकोस, आता त्यात तुझेही लहानपणचे फोटो येतील.”