भिंतीपलीकडून

"पाच वॅटचा अ‍ॅम्प तर आहे, त्याचा असा काय आवाज होणार?" असं म्हणत तिनं गिटारच्या तारा छेडल्या, आणि दुकानातल्या टेबलावरच्या वाटीतले स्क्रू थडाथडा नाचले. शेजारी उभ्या असलेल्या तात्यांनी मान हलवली.

"पुढचा," ते म्हणाले.

तात्या म्हणजे तिचे वडील. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि सध्या पूर्णवेळ तिच्या गिटारचे शत्रू, असं तिचं पक्कं मत. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना "हलू नका" सांगून घरी आली की तिचे हात शिवशिवायचे. पण घरातला जुना अ‍ॅम्प पडला पन्नास वॅटचा. बारीक ठेवला तर मेल्यासारखा वाजे, मोठा केला तर खिडक्या थरथरत. मग तात्या कपाळाला आठ्या घालून आतल्या खोलीत जात आणि दार लावून घेत. गेल्या महिन्यात त्यांनी निकालच देऊन टाकला होता. बारक्या आवाजात रंगणारा अ‍ॅम्प मिळाला तर ठीक, नाहीतर घरात वाजवणं बंद. आणि पसंती त्यांची.

म्हणजे आज ती रिकाम्या हातानं परतली तर गिटार माळ्यावर जाणार होती. तरी दुकानातल्या पेट्यांमधले ते लालसर उजळणारे काचेचे व्हॉल्व्ह बघून तिला उत्साह आवरत नव्हता.

"लोकांना वाटतं पाच वॅट म्हणजे काहीच नाही," मेकॅनिक म्हणाला. हे सगळे अ‍ॅम्प तो स्वतःच्या हातानं जोडायचा. "व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीच्या टोकापर्यंत रेटलं ना ताई, की सूर जरासा फाटतो. गुरगुरतो. ती खरी मजा. पण मोठा अ‍ॅम्प त्या टोकाला पोचेपर्यंत शेजारी दारात येऊन उभे राहतात."

"आणि आवाज बारीक केला की सूर पातळ होतो, त्याचं काय?" तात्यांनी विचारलं. "शिवाय खालच्या मजल्यावर किती जातो?"

तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. सूर पातळ होतो म्हणे! यांना सूर कधीपासून कळायला लागला? तात्या दोन्ही हात खिशात घालून छताकडे बघत होते. आज काही ना काही खोट काढायचीच असं ठरवून आले असणार, दुसरं काय.

मेकॅनिकनं खालच्या फळीवरून एक ठेंगणी पेटी काढली. "अर्ध्या वॅटचा," तो म्हणाला. "गरम होऊ द्या आधी. यांना घाई केलेली चालत नाही." मिनिटभर तिघंही त्या पेटीकडे बघत बसले. मग तिनं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, डोळे मिटले आणि पहिला सूर लावला.

सूर फाटला! जाडजूड, उबदार, खरखरीत. बोट हलकं ठेवलं की लगेच साफ, जोर दिला की पुन्हा गुरगुर. आणि आवाज एवढाच की तात्यांचं खाकरणंही तिला स्पष्ट ऐकू आलं. तिच्या अंगावर काटा आला. तिला तिची स्वतःची एक धून वाजवून बघायची होती, घरी तात्यांनी दार लावून घेतल्यावर वाजवायची तशी. पण तात्यांसमोर धीर होईना, म्हणून सरावाच्या चार ओळी वाजवून तिनं गिटार स्टुलावर ठेवली.

"तात्या, हा?" तिनं श्वास रोखून विचारलं.

तात्या काही बोलायच्या आत मेकॅनिकनं हात वर केला. "आमच्याकडे एक नियम आहे. घेणाऱ्यानं भिंतीपलीकडून ऐकल्याशिवाय मी अ‍ॅम्प देत नाही. जा ताई, बाहेरच्या बोळात उभ्या राहा."

ती बोळात गेली. मागं दार लागलं. तिनं भिंतीला कान लावला.

आत गिटार वाजू लागली. कुणीतरी दोन घरं पलीकडे गुणगुणावं तशी, अगदी हळू. पण गुरगुर शाबूत होती! तिला उडीच मारावीशी वाटली. भिंतीपलीकडून एवढंच येत असेल तर तात्या कशाला नाही म्हणतील?

आणि मग ती जागच्या जागी थबकली.

वाजत होती तिची धून. तिनं रचलेली, आजवर कुणालाही न ऐकवलेली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तिचं बोट नेहमी घाईनं गिटारच्या पट्टीवर एक घर पुढं घसरायचं. आतली बोटंही तिथंच घाईनं घसरली. मेकॅनिकला हे कळलं कसं?

"येतंय का नीट ऐकू?" कुणीतरी मागून विचारलं.

ती गर्रकन वळली. गोदामाच्या दारातून आलेला मेकॅनिक हात पुसत उभा होता.

"तुम्ही इथं? मग आत कोण वाजवतंय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" तो गोंधळून म्हणाला.

तिनं दार ढकललं. तात्या स्टुलावर बसले होते, गिटार मांडीवर, चष्मा नाकावर घसरलेला. तिला बघताच त्यांची बोटं तारांवर थांबली. चोरी पकडली गेल्यासारखे ते कानापर्यंत लाल झाले. तिला हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदमच.

"हाच घेऊ," तात्या पुटपुटले. "तू कामावर गेलीस की दाराआडून ऐकलेलं तुझंच मी वाजवतो, ते खालच्या वहिनींना ऐकू गेलं तर त्या तुला सांगून मोकळ्या होतील, याचीच दोन वर्षं धास्ती होती बघ."