रिकाम्या केबिनची रेघ

फुप्फुसं तपासायची आमची काचेची केबिन टेलिफोन बूथएवढी आहे. पेशंट आत बसतो, दार घट्ट लागतं, आणि तो श्वास घेईल-सोडेल तशी बाहेर माझ्या पडद्यावर रेघ वरखाली होते. बावीस वर्षं मी प्रत्येकाला तेच सांगत आलेय, "रोखा म्हटलं की श्वास रोखायचा, सोडा म्हटलं की सोडायचा. अगदीच सहन झालं नाही, तर काचेवर टकटक करा."

रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मी केबिन रिकामीच बंद करून बघते. रेघ सरळ यायला हवी. सोमवारपासून ती हलत होती, मिनिटाला चौदा वेळा.

आज मेकॅनिक आला. त्याने दाराचं रबर बदललं, पंखा बंद केला, नळ्या काढून पुन्हा बसवल्या. रेघ आपली संथ चालूच.

"ताई, आत कुणीतरी झोपलंय," तो हसत म्हणाला.

मला वैताग आला होता. बाहेर पेशंट ताटकळले होते. हात सवयीने माइकच्या बटणावर गेला आणि मी म्हणाले, "श्वास रोखा."

रेघ सरळ झाली.

मेकॅनिकचं हसू मावळलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. वीस सेकंद झाले, चाळीस झाले, मिनिट उलटून गेलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "सोडा म्हणा ना."

मी बटणावरून बोट काढून घेतलं.

केबिनच्या आतून काचेवर टकटक झाली.