डब्यांसकट

वग्दीने बाल्कनीत पाऊल टाकले आणि नाक मुरडले. पांढऱ्या चीजचे रिकामे डबे, तळाला खिळ्याने भोके पाडलेले, कठड्याशी दाटीवाटीने मांडले होते. त्यांतून चेरी टोमॅटोचे वेल सुतळीने कपड्यांच्या दोरीवर चढवलेले. टोमॅटो जेमतेम बोराएवढे.

"ताई, ही काय भातुकली मांडलीयस? यात एक कोशिंबीर तरी होईल का?" असे म्हणत त्याने एक तोडून तोंडात टाकला. गोड निघाला, तेव्हा न विचारता आणखी मूठभर तोडले. कौतुकाचा शब्द मात्र तोंडातून निघाला नाही.

इन्शिराह पानांच्या बेचक्यातले फाजील कोंब खुडत राहिली. भाऊसाहेब तीन मजले चढून आले होते, ते काही टोमॅटो बघायला नव्हे. शुब्रा वस्तीतले हे घर वडिलांचे, दोघांच्या नावावर. गिऱ्हाईक त्याने हेरून ठेवले होते. अडले होते ते तिच्या होकारावर.

"विकून टाकू या," तो लाडीगोडीने म्हणाला. "या वयात जिने कशाला चढतेस? आमच्याकडे ये राहायला. नव्या वसाहतीत एवढं मोठं घर आहे, तुझंच समज. डोळ्यांवर ठेवू तुला!"

यावर काय म्हणायचे असते ते इन्शिराहला पाठ होते. अल्ला तुझं भलं करो, माझं मी बघेन कुठेतरी. मानी बहीण एवढेच बोलते आणि भाऊ मोकळा होतो. तिने झग्याला हात पुसले.

"येते," ती म्हणाली.

"अं?"

"येते म्हटलं. आजच. घर विकल्यावर मला तरी दुसरं कोण आहे? बरं झालं गाडी आणलीस." तिने सगळ्यात लगडलेला डबा उचलून त्याच्या हातात दिला. "सांभाळून ने. हलला तर फुलं गळतात."

वग्दीचा चेहरा पडला. डब्यातले गढूळ पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओघळले. "आज? अगं, खोली रंगवायला काढलीय. आणि शाहीनाजला माती सोसत नाही. मुलांच्या परीक्षा..."

"मग परीक्षा झाल्यावर विकू."

"तसं नाही गं..."

"मग कसं? सांग ना!"

तो खाली गाडीकडे बघू लागला. आपल्याच आईच्या पोटचा माणूस इतका हलका निघावा, याची तिलाच लाज वाटली. रागावण्याइतकीही त्याची लायकी उरली नव्हती. त्याने डबा सावलीत, भलतीकडेच टेकवला. "गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो," असे पुटपुटत तो जिना उतरला.

इन्शिराहने डबा उन्हात सरकवला आणि खाली डोकावली. वग्दी गाडीत बसला, शेजारी बसलेल्या बायकोशी काहीतरी कुजबुजला. शाहीनाजने सुटल्यासारखा हात छातीवर ठेवला, काच खाली केली आणि मान वर करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताई, घर तुमचंच आहे हं! कधीही या!" गाडी तोवर निघाली होती.

नाईलच्या मधोमध भाकरी मोडणारा नावाडी काठावरच्या माणसाला असेच बोलावतो, या जेवायला. होडी काही काठाला लागत नाही.

समोरच्या बाल्कनीत शेजारीण तहानी कपडे वाळत घालत होती. "इन्शिराह, कोण गं एवढ्या मायेनं बोलावत होतं?"

"नावाडी," इन्शिराह म्हणाली.