भाईंचं गाऱ्हाणं

जत्रेत देवापुढे गाऱ्हाणं घालावं ते भाईंनीच. त्यांनी एकेक मागणं मागायचं आणि गावाने "व्हय म्हाराजा!" म्हणत होकार द्यायचा. शेवटचं मागणं ते नारळ ठेवताना ओठांतच पुटपुटत. ते कोणाला ऐकू जात नसे, पण भाईंची मान हलली की त्यालाही गाव मोठ्याने होकार देई.

यंदा मुंबईच्या पाहुण्याने ते सगळं आपल्या नव्या डिजिटल टेप-डेकवर टिपलं. "कॅसेटसारखी खरखर नाही, नुसता श्वास घेतलात तरी पकडतो हा," म्हणत त्याने नंतर देवळातच ती टेप लावून सगळ्यांना ऐकवली. भाईंचा धाकटा भाऊ लवू कौतुकाने अगदी पुढे सरकून बसला.

गाऱ्हाणं संपत आलं. नारळ टेकल्याचा आवाज आला आणि मागोमाग भाईंचं पुटपुटणं, अगदी कानाशी बोलल्यासारखं स्वच्छ : "औंदा लवूची होडी दर्यात गेली, की थंयच बुडांदे."

लवू ताडकन उठला. "भाई, ह्यां काय मागलंस रे?"

भाई तोंड उघडणार, तोच डेकमधून सारा गाव गरजला. आणि त्या साऱ्यांच्या वर, लवूचाच खणखणीत आवाज होता :

"व्हय म्हाराजा!"