निवडीचा फेटा

“तुमची निवड होऊ शकत नाही,” आदिनाथ म्हणाले आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराकडे दृष्टी वळवली.

तृप्ती खुर्चीवरून उठली नाही. मंठ्याच्या त्या मंगल कार्यालयात रोजगार मेळाव्याची गर्दी दाटली होती आणि तिच्या मागची रांग भोजनगृहाच्या दारापर्यंत पोहोचली होती. सकाळपासून या टेबलावरून एकही उमेदवार विन्मुख परतला नव्हता. नकार वाट्याला आलेली ती पहिलीच.

“माझं काय चुकलं, साहेब? तुम्ही तर काही विचारलंच न्हाई. सध्या कुठं काम करते, तेवढंच विचारलं.”

“तेवढे पुरेसे असते.”

तिने खरे तेच सांगितले होते. तीर्थपुरीजवळच्या एका रोपवाटिकेत ती मोसंबीची कलमे बांधत असे. मालकाने आजची रजा दिली होती, पण बजावलेही होते: काय ते संध्याकाळपर्यंत कळव, तुझ्या जागेसाठी दुसरी बाई दारात उभी आहे. रोपवाटिकेतून सुटल्यावर तृप्ती एका संस्थेच्या केंद्रात मोबाइल जुळणीचे प्रशिक्षण घेत होती. आदिनाथांच्या मागच्या फलकावर पुण्याच्या कारखान्याचे नाव होते. तिथे नोकरी आणि राहण्याची सोय मिळणार होती.

तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या तिच्या आई, दुर्गाबाई, पुढे सरसावल्या.

“अहो साहेब, हिच्या आधीची ती पोरगी, तिला पेचकस अन् पकड यातला फरक कळत न्हाई. तिला घेतलं. आमच्या पोरीनं काय घोडं मारलं तुमचं?”

“साहेबाला गोरी पायजे असंल, मावशे!” रांगेतून कोणी तरी म्हणाले, आणि हशा पिकला.

आदिनाथांच्या अंगावर करडा कोट होता. भर उकाड्यातही त्यांनी त्याची बटणे काढली नव्हती. टेबलावरचे जांभळे वस्त्र भूमीला टेकत होते आणि त्याआड त्यांनी पाय आखडून घेतले होते.

“रोपवाटिकेत रोज काम मिळते?” त्यांनी तृप्तीला विचारले.

“मिळतं.”

“मालक मजुरी देतो?”

“बराबर शनिवारी देतो.”

“मंग जाय ना तिकडं!” ते एकाएकी ओरडले.

तृप्तीचा चेहरा उतरला, आणि लगेच तापलाही.

“म्हंजे आम्ही जलमभर चिखलात हात घालायचे, अन् तुम्ही कोट घालून पंख्याखाली बसायचं? तुम्ही काय आईच्या पोटातून साहेब होऊन आल्ते का?”

आदिनाथांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

गलका ऐकून मेळाव्याचे संयोजक राधेश्यामजी लगबगीने आले. शुभ्र सफारी, छातीवर बिल्ला, मुखावर अढळ स्मित.

“काय झालं, सर? कंपनीला तर माणसं जल्दी पायजेत ना?”

“हिच्या हाताला काम आहे,” आदिनाथ खालच्या स्वरात म्हणाले. “ज्यांच्या हाताला नाही, त्यांना घेऊ. हिला जाऊ द्या.”

“पाहुणे मंचावर बसून राह्यले, सर. फोटोवाला थांबलाय.” राधेश्यामजींचे स्मित ढळले नाही. “चल बेटी, तू इकडं ये. एकच कंपनी थोडी हाय?”

त्यांनी तृप्तीला शेजारच्या टेबलापाशी नेले. तिथल्या चष्मेवाल्या तरुण अधिकाऱ्याने तिचे नाव तेवढे विचारले आणि म्हटले, “निवड.”

ध्वनिक्षेपकावरून तिचे नाव घुमले. मंचावर प्रमुख पाहुण्यांनी तिच्या मस्तकी भगवा फेटा ठेवला, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले. दुर्गाबाईंनी पदराने डोळे टिपले. आपल्या कुळात आजवर कोणा बाईच्या डोक्याला फेटा लागला नव्हता, असे त्या शेजारणीला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

मंचाच्या पायरीवर उभी राहून तृप्तीने रोपवाटिकेच्या मालकाला फोन लावला.

“मालक, तृप्ती बोलते. लागली नोकरी! माझी जागा त्या बाईला देऊन टाका. बिलकुल देऊन टाका. आता म्या काय परत येत न्हाई.”

आदिनाथ खुर्चीवरून अर्धवट उठले. तिने फोन ठेवला, तसे ते पुन्हा बसले.

जाताना ती मुद्दाम त्यांच्या टेबलासमोरून गेली. फेट्याचा शेमला तिने खांद्यावर पुढे ओढून घेतला होता.

“बघा साहेब, तुमच्यावाचून अडलं न्हाई.”

“अभिनंदन,” ते म्हणाले. त्यांचा स्वर इतका क्षीण होता की रांगेतल्या पोरांना हसू आवरेना.

दुर्गाबाईंना मात्र दया आली. त्यांनी पिशवीतून पेढा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

“घ्या, तोंड गोड करा. आमच्या मनात काही न्हाई.”

मायलेकी दाराबाहेर पडल्या. रांगही पांगून जेवणाकडे वळली. पेढ्यावर माशी येऊन बसली, तरी आदिनाथ तिला हाकलत नव्हते. राधेश्यामजी आले, उमेदवाराच्या खुर्चीवर टेकले आणि इकडे तिकडे पाहून पुढे वाकले.

“आदिनाथ, मागच्या साली तुला बी असाच फेटा बांधला, अन् कारखाना हुडकत तू पुणं पालथं घालून आल्ता, तरी कोणापाशी तोंड उघडलं न्हाई, म्हणून तर तुला या खुर्चीत बसवलं,” ते म्हणाले. “आता उद्या भोकरदनच्या मेळाव्यात साहेब म्हणून दुसरा कोणी बसंल, तू रांगेत उभा राह्य, तिथं आकडा भरायला बेरोजगार कमी पडून राह्यलेत.”