सागिनालीची मान

२०१९च्या उन्हाळ्यात आमच्या डोंगरावरच्या कुरणात तपासणीची गाडी आली. मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिनीचं चित्र निघायचं आणि आत कुठे कॅल्शियम साठलेलं असलं, तर मशीन आपणहून तिथे लाल खूण करून चित्र साठवायचं. चित्रं परस्पर शहरातल्या डॉक्टरांकडे जायची.

नर्स बुरुलने मशीनवर सागिनालीचं नाव उघडलं, पण पंचाहत्तरीचा म्हातारा आडवा होईना.

"माझी लोकर कापणार आहात का?"

"बाबा, मीच झोपतो आधी, बघा," मुलगा मैरम्बेक म्हणाला. बुरुलने हसत त्याच्या मानेला डावीकडे गार मलम चोपडलं, यंत्र फिरवलं.

"दुखतंय का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"छे! गुदगुल्या होतात."

मग म्हातारा झोपला. उजवी बाजू होताच उठलाही. "बास. घोडीची धार काढायची राहिलीय." बाहेर रांग होती. बुरुलने पुढच्या माणसाला बोलावलं.

काही दिवसांनी मैरम्बेकला डॉक्टरांचा फोन आला. "वडिलांची उजवी बाजू स्वच्छ आहे. डावी जवळजवळ बुजलीय. ऑपरेशनला आणा."

आमच्यात दुखणं दुखणेकऱ्याला सांगत नाहीत, ऐकूनच माणूस खचतो. पण न सांगता त्याला न्यायचं कसं? मैरम्बेकने दारात गाडी आणली की म्हातारा पाठ फिरवून बसायचा. "शहरात काय पुरलंय माझं?"

शेवटी मैरम्बेकने त्याच्या हातातली सगळी कामं काढून घेतली. गवत एकटा कापायचा, कळपामागे एकटा चढायचा.

"जिवंतपणी मढं केलंस माझं!" म्हातारा ओरडायचा. मैरम्बेक मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

"तुमचा हात सारखा बधिर होतोय," बायको झूरा म्हणायची. "डॉक्टरांना विचारा की."

"आधी बाबांचं बघू दे. रोज सकाळी ते उठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

त्याच वर्षी थंडीच्या तोंडाशी, गवताची गंजी रचताना मैरम्बेक कोसळला. मेंदूचा झटका. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

बुरुल पुढे रशियात नोकरीला गेली. झूराने पुन्हा लग्न केलं नाही, सासऱ्याजवळच राहिली. सागिनालीने ऐंशी ओलांडली, अजून घोड्यावर बसतो.

गेल्या वसंतात झूराने त्याला सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले होते, तेही.

म्हाताऱ्याने आपल्या मानेच्या डाव्या बाजूला हात लावला.

"डावी बाजू मी दाखवलीच नव्हती, सूनबाई. माझ्याआधी मैरम्बेक झोपला होता."